स्वतःच्या पायावर, दुसऱ्यांदा

मुलाने बी.कॉम. व्हावे, बँकेत चिकटावे आणि स्वतःच्या पायावर उभे राहावे, एवढीच आमच्या वडिलांची माझ्याकडून अपेक्षा होती. तिन्ही गोष्टी मी त्याच क्रमाने केल्या. त्यांतली तिसरी गोष्ट वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा मुळापासून करावी लागेल, हे त्या वेळी वडिलांना ठाऊक नव्हते आणि पायांनाही नव्हते. बहुतेक माणसे आयुष्यात एकदाच उभी राहायला शिकतात आणि त्या वेळी त्यांचे वय वर्षभराचे असल्यामुळे त्यांना त्यातले काही आठवत नाही. मी दुसऱ्यांदा शिकलो तो पूर्ण शुद्धीवर, चष्मा लावून. तेव्हा या विषयावर चार शब्द बोलण्याचा मला थोडाफार अधिकार आहे.

सुरुवात झाली ती पँटच्या पट्ट्यापासून. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सर्दीतापाने चार दिवस रजा झाली होती. त्यानंतर पंधरवड्याने एका गुरुवारी काउंटरवर बसलो असताना पट्टा कुणीतरी दोन भोके आवळल्यासारखा वाटू लागला. श्रावणातल्या पुरणपोळ्या आठवून मी तो सैल केला. तरी आवळलेलाच. शेवटी काढून खिशात ठेवला, तरी बेंबीच्या वर पट्टा आहेच! संध्याकाळी फोर्टहून स्टेशनकडे निघालो तर रस्ता गादीसारखा मऊ लागत होता. महानगरपालिकेने एका दिवसात एवढी सुधारणा केली असेल यावर विश्वास बसेना. डोंबिवलीला उतरून आमच्या बिल्डिंगचे तीन मजले चढताना कठड्याने मला वर आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी पायांनी कामावर यायला साफ नकार दिला आणि लघवीने त्यांना पाठिंबा म्हणून बंद पुकारला.

इस्पितळात एमआरआय झाला, पाठीतून पाणी काढून तपासले आणि मग डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले : ट्रान्सव्हर्स मायलायटिस.

हे नाव बँकेत कसे पोचले ते सांगण्यासारखे आहे. आमच्या हिने शाखेत फोन केला. तो उचलला शिपायाने. गोंगाटात त्याला पहिला शब्द 'ट्रान्सफर' असा ऐकू आला आणि दुसऱ्यातला 'मायला' एवढाच भाग कळला. त्याने हॉलमध्ये जाहीर केले, "साहेबांची ट्रान्सफर, मायला!" आता बदलीची ऑर्डर हातात पडल्यावर बँकेतला कोणताही माणूस नेमके हेच दोन शब्द उच्चारतो. त्यामुळे कुणालाही शंका आली नाही. संध्याकाळपर्यंत दोघांनी माझ्या खुर्चीवर हक्क सांगितला आणि एकाने निरोपसमारंभाची वर्गणी जमवायला घेतली.

ट्रान्सव्हर्स म्हणजे आडवा. पाठीच्या कण्यातून मेंदूचे निरोप खाली नेणारी जी मज्जारज्जू असते, तिच्या एका टप्प्याला आडवी सूज येते. रोगही आडवा आणि रोगीही आडवा. सूज कशामुळे, असे विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "शरीराची रोगप्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंशी लढता लढता कधीकधी आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. पुष्कळदा नेमके कारण सापडतही नाही." मला एकदम समजले. दरोडेखोर केव्हाच पळून गेला आणि बंदूकवाल्या वॉचमनने धांदलीत कॅशिअरला गोळी घातली! दर दहा लाखांत वर्षाला एक ते आठ जणांना हा रोग होतो म्हणे. ज्याला ऑफिसच्या भिशीत पहिल्या पाचांत कधी नंबर लागला नाही, त्याची दहा लाखांतून निवड व्हावी याचे आमच्या सासऱ्यांना विशेष कौतुक वाटले.

पाच दिवस रोज एक ग्रॅम स्टेरॉइड शिरेतून गेले. स्टेरॉइडने सूज उतरते, पण झोप उडते, भूक खवळते आणि रक्तातली साखर चढते. रात्री तीन वाजता मी नर्सला मिसळ कुठे मिळेल ते विचारत होतो आणि ती माझ्या बोटाला सुई टोचून साखर मोजत होती.

सहाव्या दिवशी डॉक्टरांनी ढोबळ हिशेब सांगितला. या रोगातले साधारण एक तृतीयांश लोक चांगले सुधारतात, एक तृतीयांश मध्यम सुधारतात आणि उरलेल्या एक तृतीयांशांना मोठे अपंगत्व राहते.

"आणि मी कितव्या तृतीयांशात?" मी विचारले.

"ते आत्ता सांगता येत नाही. पहिले तीन ते सहा महिने महत्त्वाचे. त्यानंतरही दोन वर्षांपर्यंत सुधारणा होत राहते. औषधाचं काम आता बरंचसं संपलं. यापुढे पुनर्वसन."

पुनर्वसन हा शब्द मी तोपर्यंत फक्त धरणग्रस्तांच्या बाबतीत वाचला होता आणि त्यांचे काय होते तेही वाचले होते. शिवाय दोन वर्षांची मुदत ठेव, व्याजाचा दर अनिश्चित आणि मुद्दल परत मिळण्याची हमी नाही, अशी योजना आमच्या बँकेने काढली असती तर सहावे गिऱ्हाईक आले नसते. त्या रात्री मी हिशेब करत पडलो होतो. घराच्या कर्जाचे हप्ते एकशे चार. मुलगी दहावीत. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ही पायथ्याशी स्टुलावर बसून माझा पाय धरून होती. तिचा हात पायावर आहे हे मला दिसत होते. लागत नव्हते. तिने मध्येच विचारले, "जोरात दाबतेय का?" मी म्हणालो, "नाही, बरं वाटतंय."

दिवसा मात्र असल्या विचारांना सवड नव्हती, कारण भेटायला येणारी मंडळी. आपल्याकडे रोगी एकवेळ उपचाराविना राहील, पण सल्ल्याविना राहणार नाही. एकाने महानारायण तेलाची बाटली आणली, दुसऱ्याने हाडवैद्याचा पत्ता आणला. साडूंनी सांगितले, "आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना अगदी हेच झालं होतं." काकांना स्लिप डिस्क झाली होती, पण ती कमरेच्या आसपासच असल्यामुळे साडूंनी फरक केला नाही. मावशींनी साडेसाती मोजली. या सगळ्यांचा मला एक मोठा उपयोग झाला. त्यांच्यापासून सुटका म्हणून मी व्यायामाच्या खोलीत जायला उत्सुक असे.

त्या खोलीचे राज्य एका पंचवीस वर्षांच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे होते. ती मला पहिल्या दिवसापासून 'काका' म्हणू लागली. पाय गेल्याचे दुःख मी धीराने सोसले होते, पण हे काका जरा लागलेच. तिने प्रथम मला एका फळीवर पट्ट्यांनी बांधले आणि फळी हळूहळू उभी करू लागली. फार दिवस आडव्या राहिलेल्या माणसाला एकदम उभे केले की रक्तदाब घसरून घेरी येते, म्हणून ही युक्ती. तीस अंशांवर मला तारे दिसले, पंचेचाळिसावर कै. आजी. मग फळी खाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवड्याभराने मी सत्तर अंशांवर टेकून शांतपणे पेपर वाचू लागलो, तेव्हा ती म्हणाली, "छान काका. आता आपण ट्रान्सफर शिकू या."

मी दचकलोच. पण या शास्त्रात पलंगावरून व्हीलचेअरवर सरकण्याला ट्रान्सफर म्हणतात. दोन्हींमध्ये गुळगुळीत फळी टाकायची, खुर्चीचे ब्रेक लावायचे, नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतके पुढे वाकायचे आणि हातांवर भार देऊन बूड उचलून सरकवायचे. अंतर जेमतेम दीड फूट. वीस वर्षांत मी बँकेत लाखो रुपये एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ट्रान्सफर केले असतील, पण स्वतःला दीड फूट ट्रान्सफर करायला मला सतरा मिनिटे लागली आणि बनियन भिजून गेला.

या खोलीत गुण देण्याची पद्धत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने स्नायूंना पाचपैकी गुण देण्याची रीत घालून दिली, ती आजही चालते. शून्य म्हणजे काही नाही. एक म्हणजे हालचाल नाही, पण स्नायू आत नुसता फुरफुरतो. दोन म्हणजे वजन पेलावे लागत नसेल तर हलतो, तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलतो, चार म्हणजे समोरून थोडा दाब दिला तरी टिकतो, पाच म्हणजे जसा असावा तसा. बावीस दिवस माझ्या दोन्ही पायांच्या प्रत्येक रकान्यात शून्य पडत होते. शून्यांची एवढी लांब ओळ मी फक्त रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांत पाहिली होती, आणि तिथे तिच्याआधी एखादा आकडा तरी असतो.

तेविसाव्या दिवशी मॅडम उजव्या पायावर दोन बोटे ठेवून म्हणाली, "काका, अंगठा वर." मी डोळे मिटून सगळा जीव अंगठ्यात गोळा केला. काहीच झाले नाही, असे मला वाटले. ती म्हणाली, "पुन्हा." मग ओरडली, "एक! काकू, इकडे या, एक!" ही धावत आली आणि अंगठ्याकडे अशी पाहू लागली की त्यालाही संकोच वाटला असेल. मग तिने पदर तोंडाला लावला, आणि दहा मिनिटांनी ती कुठूनतरी पाव किलो पेढे घेऊन आली. मुलगी म्हणाली, "आई, मला एक गुण पडला असता तर पेढे वाटले असतेस का?"

स्नायूंचे गुण झाले, तसे माणसाचेही गुण असतात. फंक्शनल इंडिपेन्डन्स मेझर, थोडक्यात फिम, नावाची एक प्रगतिपुस्तिका आहे. अठरा विषय, प्रत्येकी एक ते सात गुण, एकूण १२६. खाणे, दात घासणे व दाढी, आंघोळ, कपडे वरचे, कपडे खालचे, शौचाचे आवरणे, लघवी, शौच, तीन प्रकारच्या ट्रान्सफरी, चालणे, जिने, आणि शेवटी डोक्याचे पाच : समजणे, बोलणे, लोकांत मिसळणे, अडचणी सोडवणे, स्मरणशक्ती. सर्वस्वी दुसऱ्याने केले तर एक, देखरेख लागली तर पाच, काठी किंवा साधन लागले तर सहा, कुणाची मदत नाही, साधन नाही, तर सात. यात नापास कोणी होत नाही. काहीही न करता पडून राहिले तरी अठरा मिळतात. युनिव्हर्सिटीने अकाउंटन्सीला ही पद्धत ठेवली असती तर माझ्या बऱ्याच मित्रांचे कल्याण झाले असते.

पहिल्या परीक्षेत मला ६४ पडले. त्यांतले ३५ डोक्याचे होते. ही शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "लोकांत मिसळण्याला सात? लग्नाला एकोणीस वर्षं झाली, माझ्या माहेरच्या एका कार्याला..." मॅडमने पान उलटले.

"आणि अहो, हे कपड्यांचं वगैरे आजारामुळे धरलंय का?" ती पुढे म्हणाली. "टॉवेल हातात, बनियन पलंगावर, रुमाल खिशात, चहा टेबलावर. हे ऑगस्टच्या आधीपासूनच एकवर आहेत."

मॅडम हसली, पण ही गोष्ट तिने गंभीरपणे वहीत टिपली असावी. कारण दुसऱ्या दिवसापासून ऑक्युपेशनल थेरपीच्या बाईंनी मला पलंगावर बसून पँट चढवणे, टॉवेल स्वतः घेणे, बटणे लावणे, रुमालाची घडी करणे असा अभ्यासक्रम सुरू केला. व्हीलचेअरवरून कपाटातला बनियन काढायचा झाला तर बनियन कुठल्या कप्प्यात असतो हे माहीत असावे लागते. पंचेचाळीस वर्षांत हा प्रश्न माझ्यापुढे प्रथमच आला.

आता एका विषयाबद्दल थोडे. सभ्य माणसे त्याबद्दल लिहीत नाहीत, पण ज्याच्यावर बेतते त्याला दुसरे काही सुचत नाही. मज्जारज्जूला सूज आली की मूत्राशयाचा मेंदूशी संपर्क तुटतो. मग ठराविक तासांनी स्वतः बारीक नळी घालून ते रिकामे करावे लागते. प्रत्येक वेळी निर्जंतुक सामान आणि नर्स लागली असती तर माणूस जन्मभर इस्पितळाला बांधला गेला असता. अमेरिकेतल्या मिशिगनच्या जॅक लापिडीस या डॉक्टरांनी १९७२ साली दाखवून दिले की स्वच्छ धुतलेले हात आणि स्वच्छ नळी एवढ्यावर हे काम भागते, महत्त्व आहे ते वेळेवर करण्याला. या गृहस्थांचा पुतळा कुठे आहे की नाही ते असो, माझ्या देव्हाऱ्यात त्यांना जागा आहे. वेळेचे म्हणाल तर, ज्याने वीस वर्षे ८.०४ ची लोकल धरली त्याला दर चार तासांचे वेळापत्रक काय अवघड! पहिल्या वेळी हात थरथरले. तिसऱ्या दिवशी हिला मी सांगितले, "तू बाहेर थांब. जमतंय मला." ती बाहेर थांबली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दार आतून लावण्याचा मान मला मिळाला होता. माणसाच्या अब्रूची किंमत एका कडीएवढी असते, असे मला त्या दिवशी वाटले.

दोन महिन्यांनी घरी आलो. लिफ्ट नसलेल्या इमारतीतून माणूस चौघांच्या खांद्यावरून खाली जातो. मी चौघांच्या हातांवरून, खुर्चीत बसून, वर गेलो. शेवटी दिशा महत्त्वाची. पायऱ्या चोपन्न. प्रत्येक मजल्यावर दारे उघडली, निरांजन तेवढे कुणी ओवाळले नाही.

घरी मुलीने फ्रिजवर दोन तक्ते लावले. एक तिच्या दहावीच्या अभ्यासाचा, एक माझ्या. मी तिला जी वाक्ये लहानपणापासून ऐकवली होती ती सव्याज परत आली. "बाबा, काल टाचेचे व्यायाम टाळलेत." "बाबा, मोबाइल ठेवा आधी." "बाबा, रोज थोडं थोडं केलं की शेवटी ताण येत नाही." जानेवारीत तिची प्रिलिम आणि माझी फिम एकाच आठवड्यात झाली. मला ८४ पडले. तिने कॅल्क्युलेटर काढला. "१२६ पैकी ८४ म्हणजे ६६.६७ टक्के. बाबा, फर्स्ट क्लास!" बी.कॉम.ला मला सेकंड क्लास होता. जे डोक्याला जमले नाही ते पायांनी करून दाखवले.

पाय परत येतात ते सरळ येत नाहीत, चमत्कारिक सवयी घेऊन येतात. मज्जारज्जूच्या रोगात स्नायू आखडतात आणि मनास येईल तेव्हा झटके देतात. रात्री झोपेत पाय आपसूक उडतो. गोळ्यांनी ते पुष्कळ कमी झाले, पण तोपर्यंत हिने मध्ये उशीचे धरण बांधले होते. दुसरी सवय म्हणजे चवड्यावर पाय टेकला की घोटा ठेका धरतो. कोजागिरीला शेजारच्या सोसायटीत गाणे होते. गवयाने बागेश्रीचा बडा ख्याल विलंबित एकतालात सुरू केला. मी पुढच्या रांगेत खुर्चीवर. समेच्या अलीकडे माझ्या उजव्या पायाने द्रुत लय धरली. सेकंदाला पाच-सहा ठोके, अगदी स्पष्ट. तबलजीने दोनदा माझ्याकडे पाहिले, तिसऱ्यांदा गवयाने. गुडघा हाताने खाली दाबला की पाय थांबतो, म्हणून मी गुडघ्यावर हात दाबून मान खाली घातली, तर मागचे गृहस्थ पुटपुटले, "केवढा दर्दी माणूस!"

तिसरे म्हणजे तळपायांना अजून नीट कळत नाही. चप्पल पायातून निसटते आणि मी अनवाणी पन्नास पावले पुढे जातो. "अहो काका, चप्पल!" असे ओरडत अनोळखी माणसे मागून धावत येतात, त्यामुळे डोंबिवलीत माझा लोकसंग्रह वाढला. चटका कळत नाही, खडा टोचलेला कळत नाही, जखम चिघळली तरी कळत नाही. म्हणून रोज रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळपाय तपासायचे. एवढी वर्षे आरशात तोंड पाहिले. आता अनुभवाने सांगतो, पाहण्यासारखे तिथेही फारसे काही नव्हते.

मी कधी कंटाळलो की मॅडम पेटकरांचे नाव काढत असे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. भारताचे पहिले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या स्पर्धांचे मूळही इस्पितळातच आहे. लुडविग गुटमन हे जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू डॉक्टर. १९४४ साली त्यांनी इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे मणक्याला जखम झालेल्या सैनिकांचा विभाग उघडला. तोवर अशा रोग्यांना बिछान्यावर ठेवून देत आणि ते पाठीच्या जखमांनी नाही तर लघवीच्या विकाराने जात. गुटमनसाहेबांनी त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायला लावले, कामाला लावले, खेळायला लावले. १९४८ साली २९ जुलैला, लंडनचे ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, त्यांनी इस्पितळाच्या आवारात सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. पुढे त्यातूनच पॅरालिम्पिक आले.

हे ऐकून माझा ऊर भरून आला. पण खरे सांगायचे तर मला सुवर्णपदकाची इच्छा नव्हती. पोहायला मला पाय चांगले असतानाही येत नव्हते. मला चोपन्न पायऱ्या उतरून कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे एकट्याने जायचे होते. ही महत्त्वाकांक्षा सांगायलासुद्धा लाज वाटावी एवढी लहान होती, पण तिच्यासाठी नऊ महिने लागले. जिन्याचा नियम सोपा आहे : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी. चांगल्याने वर जावे, दुबळ्याने खाली. बँकेच्या बढत्यांत हा नियम पाळतात असे माझ्या पाहण्यात नाही. मे महिन्यातल्या एका रविवारी मी काठी आणि कठडा धरून चोपन्न पायऱ्या उतरलो. ही चोपन्नही पायऱ्या माझ्या पुढे, उलटी, माझ्याकडे तोंड करून उतरली. मी पडलो तर झेलायला! माझे वजन बहात्तर किलो, हिचे त्रेपन्न. मी म्हणालो, "अगं, हा हिशेब जुळत नाही." ती म्हणाली, "तुम्ही पायरीकडे बघा."

न्हाव्याने कटिंगचे पैसे घेतले नाहीत. त्याला वाटले, कुणीतरी गेले आहे.

बँकेने मधल्या काळात रजेचे सगळे प्रकार माझ्यावर वापरून पाहिले : आजारपणाची, अर्धपगारी, बिनपगारी. नोकरी मात्र शाबूत राहिली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे विसावे कलम सांगते की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला सरकारी आस्थापनेने काढून टाकू नये की खालच्या पदावर ढकलू नये. इतकेच नव्हे, तर डोंबिवलीच्या शाखेसाठी मी वीस वर्षे अर्ज करत होतो, तो अर्ज मज्जारज्जूच्या शिफारशीने एका महिन्यात मंजूर झाला. म्हणजे शिपायाने पहिल्या दिवशी दिलेली बातमी अखेर खरी ठरली. ट्रान्सफर, मायला!

नव्या शाखेच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत आणि शेजारी व्हीलचेअरसाठी उतार आहे. उतार एकास बारा असावा, असा दंडक आहे. एक फूट उंची असेल तर बारा फूट लांबी. पायऱ्यांची उंची दीड फूट, म्हणजे उतार अठरा फुटांचा हवा. आमचा सहा फुटांचा आहे. त्यावरून व्हीलचेअर वर जात नाही, पण खाली फार उत्तम येते. शिवाय त्यावर कुणाची तरी स्कूटर लावलेली असते. मी पत्र लिहिले आहे. ते योग्य मार्गाने वर गेले आहे. मार्ग बहुधा एकास बाराचा असावा.

लांब जायचे तेव्हा मी अजून व्हीलचेअर वापरतो. पहिल्या दिवशी तीत बसूनच काउंटरमागे गेलो, तर काउंटर इतका उंच की पलीकडून माझे फक्त टक्कल दिसे. "इथं कुणीच नाही वाटतं," असे म्हणत तीन गिऱ्हाइके परत गेली. महिना नोव्हेंबर होता. मॅनेजरसाहेबांनी विचार करून मला बाहेर हॉलमध्ये, पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यांच्या टेबलावर बसवले. जिवंत असल्याचा पुरावा तपासायला माझ्याइतका अनुभवी माणूस शाखेत दुसरा नव्हता.

ऑगस्ट २०२४ मध्ये मुदत ठेवीची दोन वर्षे पुरी झाली आणि शेवटची परीक्षा झाली. ११७. टक्केवारी ९२.८६. मुलीला दहावीला ९१.४० होते, तेव्हा घरात माझा पहिला नंबर आला. गेले ते नऊ गुण आंघोळ, खालचे कपडे, शौचाचे आवरणे, लघवी, तीन ट्रान्सफरी, चालणे आणि जिने यांत एकेक. काठी, कठडा, नळी, भिंतीला लावलेल्या दांड्या यांच्यामुळे सातऐवजी सहा. हे नऊ आता बहुधा परत यायचे नाहीत. लोक विचारतात, "मग, पूर्ववत झालात ना?" मी 'हो' म्हणतो, कारण रस्त्यात उभे राहून दुसरे उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मला अजून उभे राहता येत नाही. पण बँकेत हिशेब जुळला नाही की राहिलेला फरक आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर शाखा उघडतो. नऊ गुण त्या खात्यात आहेत.

चहा करणे हा मात्र त्या अठरा विषयांत नाही, हे हिच्या लक्षात आले. तिने फ्रिजवरच्या तक्त्यात स्वतःच्या हाताने एकोणिसावा विषय वाढवला. आता रोज सकाळी मी ओट्याला कंबर टेकवून, काठी कोपऱ्यात उभी करून, दोघांचा चहा करतो. आले किसतो. दूध उतू जाऊ देत नाही. कपबशा कुठल्या फळीवर आहेत ते मला पाठ आहे. ही टेबलाशी पेपर उघडून बसलेली असते, पण तिचे लक्ष पेपरात नसते. गेल्या आठवड्यात मी धीर करून गुण विचारले.

"पाच," ती म्हणाली.

"पाच म्हणजे देखरेख लागते! मी एकट्यानं करतो सगळं."

"साखर कुठाय?"

मी मागे वळून पाहिले. साखरेचा डबा माझ्या हाताशी होता, झाकण लावलेला.